न मागता आलेलं छत

५ तारीख, बुधवार

ही वही मला फुकट मिळाली आहे, तेव्हा पहिली नोंद तिचीच.

आमच्या प्रयोगशाळेत आजपासून लाच रोखण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. चार बुधवार, दुपारच्या जेवणानंतर दोन तास. नोकरदार माणूस दिवसातल्या याच वेळी सर्वांत निष्पाप असतो, कारण तो पेंगत असतो. वरून पत्र आलं, मोठ्या साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं, 'तुम्ही बोलके आहात, तुम्हीच बघा' म्हणाले, आणि मी समन्वयक झालो. समन्वयक म्हणजे खुर्च्या मोजणारा.

शिकवायला एक बाई आल्यात. साठीच्या आसपास, ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचा थर्मास. आमच्या शिपायाने चहाचा ट्रे पुढे केला तर म्हणाल्या, "नाही." एवढंच. 'आत्ताच झाला', 'राहू द्या', 'कशाला उगाच' असलं शेपूट काही नाही. शिपाई ट्रे धरून उभाच राहिला. त्याला वाटलं, वाक्य अजून यायचंय. मी शेजारच्याच्या कानात म्हटलं, घ्या, पहिल्याच दिवशी आपला चहा गुन्ह्यात जमा. मागच्या रांगेपर्यंत हशा पोचला. बाईंचं नाव पडलं थर्मासबाई. आमच्याकडे नावं ठेवण्याचं खातं माझ्याकडेच आहे. मला स्वतःला लोक टोमणेसाहेब म्हणतात, आणि ते नाव मी ठेवलेलं नसूनही चांगलं आहे.

थर्मासबाई बोलतात अगदी सपाट, इस्त्री केल्यासारखं. पूर्वी बावीस वर्षं त्या दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडत होत्या. प्रत्येकाला एकेक वही दिली. पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलेली एकच ओळ : 'आज न मागता काय आलं?' रोज लिहा, म्हणाल्या. कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही.

एक वाक्य मात्र उतरवून ठेवण्यासारखं होतं. "लाच पाकिटातून येते ती सिनेमात. खरी लाच अडचणीतून येते. तुमची अडचण मिटवायची घाई तुमच्यापेक्षा ज्याला जास्त आहे, त्याच्याकडे नीट बघा."

वाक्य बरं आहे. माझ्या कामाचं नाही. लाच द्यावी इतका मोठा मला कुणी समजत नाही, घरचे तर नाहीच नाही.

आज न मागता काय आलं? हे प्रशिक्षण.

६, गुरुवार

वही कुणी वाचणार नसली तरी सवयीने खुलासा : आम्ही काँक्रीटचे ठोकळे फोडतो. शहरात कुठे मोठं बांधकाम निघालं की तिथल्याच मालातून सहा ठोकळे भरून आमच्याकडे येतात. ते पाण्याच्या टाकीत बुडून राहतात. सातव्या दिवशी तीन फोडायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले तीन. किती टनांना फुटले यावरून इमारत उभी राहणार की नाही ते ठरतं. यंत्र चालवतात काटाभाऊ. तीस वर्षं त्या यंत्राच्या काट्याकडे बघून त्यांची मान एका बाजूला कलली आहे. आकडा ते सांगतात, सही मी करतो.

आज शेठ आले होते. नव्या इस्पितळाचं काम त्यांच्याकडे आहे. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब सोमवारी, तीन तारखेला ओतला, त्याचे सहा ठोकळे आमच्या टाकीत आहेत. तिथे बाळंतिणींचा वॉर्ड होणार आहे. शेठ माणूस गोड. माझ्या विनोदांना हसण्याची त्यांची एक पद्धत आहे : आधी डोळे मिटतात, मग पोट हलतं, आवाज सगळ्यात शेवटी. असा श्रोता मिळाला की मी घसरतो. आमच्या न्हाणीघराच्या छताची कथा सांगितली. वरच्या मजल्यावरच्या काकांनी आंघोळ केली की खाली आमचीही होते, साबण तेवढा आमचा. शेवटी म्हटलं, "शेठ, तुमचं एवढं सिमेंट जगाला पुरतं, आमच्या छताच्या एका भोकाला पुरेल की नाही?"

शेठ पोट धरून हसले. मग खिशातली छोटी डायरी काढून त्यात काहीतरी टिपलं. चांगला विनोद टिपून ठेवणारी माणसं आता कमी झालीत.

आज न मागता काय आलं? दाद.

८, शनिवार

चमत्कार. संध्याकाळी घरी येतो तो न्हाणीघराच्या छताला नवा गिलावा, वर जलरोधक थर, वर पांढराशुभ्र रंग. दुपारी तीन माणसं आली, चार तास काम केलं, झाडून पुसून गेली. बायकोने विचारलं कुणी पाठवलं, तर म्हणाले, 'साहेबांना माहीत आहे.' ती शाळेत गणित शिकवते, उत्तरावर खूश झाली की रीत बघत नाही. आज मला बऱ्याच वर्षांनी तिने विचारलं, तुम्हाला जेवायला काय करू?

मला तर्क करायला एक मिनिट लागलं. गेल्या महिन्यात जिन्याच्या फळ्यावर मी एक चिठ्ठी लावली होती : 'वरच्यांस विनंती की आंघोळीपूर्वी खाली कळवावे, म्हणजे आम्ही साबण लावून तयार राहू.' शेवटी काकांना लाज वाटली म्हणायची. मी वर जाऊन त्यांचे आभार मानले. काका क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "असू दे, असू दे. शेजारधर्म आहे." किती मोकळ्या मनाचा माणूस. मी उगीच चार वर्षं त्यांच्याबद्दल वाईट बोललो.

आज न मागता काय आलं? काही नाही. छत मी मागून घेतलं, चिठ्ठी लावून.

१०, सोमवार

इस्पितळाचे पहिले तीन ठोकळे फुटले. सातव्या दिवशी काटा अडतीस टनांच्या आसपास जायला हवा. चोवीस, पंचवीस, चोवीस. काटाभाऊंनी तिसरा आकडा सांगितला आणि हातातली माती झटकली. "ओल्या बिस्किटासारखा," म्हणाले. अठ्ठाविसाव्या दिवशी सत्तावन्न टन लागतात. पोरगं पहिलीत नापास झालं तरी दहावीत पहिलं येऊ शकतं. ठोकळ्यांत तसं होत नाही.

शेठना कळवलं. फोनवर ते एवढंच म्हणाले, भेटू.

१२, बुधवार

दुसरा वर्ग. बाईंनी आज सराव करून घेतला, आणि सराव कसला तर नाही म्हणण्याचा. दोघादोघांच्या जोड्या. एकाने द्यायचं, दुसऱ्याने नाकारायचं. नियम दोनच : 'नाही' म्हणा आणि थांबा. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही, हसायचं नाही. मनात दहा मोजा. "कारण दिलंत की समोरचा कारण दुरुस्त करायला बसतो," म्हणाल्या. "आज नको म्हटलं तर तो उद्या येतो. इथे नको म्हटलं तर घरी येतो."

देणाऱ्याच्या भूमिकेत आमच्या शिपायाने कमाल केली. हात चोळतो काय, दाराकडे बघतो काय, 'मुलांसाठी आहे हो' म्हणताना आवाज खाली आणतो काय. हा माणूस वीस वर्षं दाराबाहेर नुसता स्टुलावर बसला नव्हता, हे लक्षात आलं. काटाभाऊंची पाळी आली तेव्हा ते 'नाही' म्हणाले आणि थांबले, आणि असे थांबले की शिपायालाच घाम फुटला. बाई म्हणाल्या, "बघा. असं." तीस वर्षांत काटाभाऊंची कुणी स्तुती केली असेल असं वाटत नाही. मान कललेली होती ती जरा सरळ झाली.

माझ्यावर मी पाळी येऊ दिली नाही. समन्वयकाला खुर्च्या मोजायच्या असतात.

थर्मासचं गूढ उकललं. बाईंना साखर चालत नाही, म्हणून त्या घरून चहा आणतात. मी त्यात आठवडाभर तत्त्वज्ञान बघत होतो.

१३, गुरुवार

दुपारी शेठ आले. दार लोटून बसले, आणि म्हणाले, "छत कसं आहे साहेब? गळत नाही ना आता?"

पाच मिनिटं मी काय बोललो ते मला आठवत नाही. काकांचा शेजारधर्म आठवला, मानलेले आभार आठवले. मी एका लबाडाचे आभार दुसऱ्या लबाडाला देऊन आलो होतो. तिसरा लबाड कोण ते लिहायला या पानावर जागा कमी आहे.

शेठ पुढे झुकले. टाकीत तीन ठोकळे उरलेत. त्यांच्याकडे तसेच दुसरे तीन आहेत, जरा घट्ट भरलेले. पाण्यात सगळे सारखेच दिसतात. मी काय म्हणालो ते मात्र मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "पाण्यात काय शेठ, पाण्यात तर म्हैससुद्धा सडपातळ दिसते."

शेठचे डोळे मिटले, पोट हललं, आवाज आला. उठताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

मी हो म्हणालो नाही. हे इथे नोंदवून ठेवतो. मी फक्त विनोद केला.

१७, सोमवार

तीन दिवस लिहिलं नाही. घरी आंघोळ करताना वर बघत नाही.

कार्यालयात करमणूक म्हणजे काटाभाऊ. शुक्रवारपासून त्यांनी जेवणाची सुट्टी टाकीपाशी काढायला सुरुवात केली आहे. खुर्ची टाकीला लावून, डबा मांडीवर. चहालाही माझ्या खोलीत येत नाहीत. मी म्हटलं, काय काटाभाऊ, ठोकळ्यांना पोहायला शिकवताय? हसले नाहीत. माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि परत पाण्याकडे. निवृत्ती जवळ आली की माणूस विनोदाला जड जातो.

शेठचा फोन होता. "तुमचा माणूस फार ताठ आहे साहेब, जरा सांगा की त्याला." कोणता माणूस, कशाबद्दल, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. म्हटलं, "यंत्राशेजारी राहून राहून लोखंड झालाय तो, गंजेल हळूहळू." शेठ म्हणाले, बरं, गंजू द्या. खूश वाटले.

१९, बुधवार

आज बाईंनी मलाच उठवलं. "समन्वयकांचा सराव राहिलाय," म्हणाल्या. देणारी त्या स्वतः झाल्या. टेबलावर त्यांनी आपला थर्मास ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, घरी गळतंय म्हणून ऐकलं. माणूस पाठवू?"

त्यांना काही माहीत नव्हतं. माहीत असणं शक्यच नाही. गळणं हे जगातल्या सगळ्या घरांचं दुखणं आहे. पण माझ्या पायाखालची फरशी गार झाली. मी म्हटलं, "पाठवा की, पण माणूस नको, छत्रीच पाठवा." खोली हसली. खूप हसली.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे लिहिलं, 'बोलणाऱ्याने काय म्हटलं'. दुसरीकडे, 'ऐकणाऱ्याने काय ऐकलं'. पहिल्या रकान्यात माझं वाक्य लिहिलं. मग वर्गाला विचारलं, दुसऱ्यात काय लिहू? मागून काटाभाऊ म्हणाले, "हो."

बाईंनी 'हो' लिहिलं. मग माझ्याकडे वळून, पोराला चष्मा लावायला सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाल्या, "तुम्ही फार छान बोलता. पण तुमच्या विनोदात 'नाही' कुठे असतं ते समोरच्याला सापडत नाही. आणि ज्याला सापडायला नको असतं, तो शोधतही नाही."

एकोणपन्नास वर्षं मी ज्या गोष्टीवर जगलो, तिचं वजन या बाईने दोन रकान्यांत केलं. तराजूवाली बाई, शेवटी तराजूच लावला.

आता मागची पानं वाचली. सहा तारखेचं पान. शेठने डायरीत विनोद टिपला असं मी लिहिलंय. त्यांनी काम टिपलं होतं. मी मागितलं होतं. इतक्या सुंदर शब्दांत मागितलं की माझं मलाच कळलं नाही.

२०, गुरुवार

बायकोला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवलं, झाकण लावलं.

मला वाटलं होतं ती घाबरेल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, "अहो, चार वर्षं मी सांगतेय छत गळतंय. चार वर्षं तुम्ही त्यावर विनोद केलेत. त्या माणसाने एकदा ऐकलं आणि माणसं पाठवली. आता राग कुणाचा यायला हवा, त्याचा की तुमचा?"

विनोद होता, पण गिळला. पहिल्यांदाच गिळला, घशाला लागला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "नोकरी जाईल?" मी म्हटलं, जाऊही शकते. तिने दोन वह्या तपासल्या, मग म्हणाली, "जा, सांगून टाका. त्या छताखाली उभं राहिलं की आता अंग कोरडं असलं तरी ओलं वाटतं."

२२, शनिवार

बाईंचा दुसरा वर्ग एका बँकेत असतो असं शिपायाकडून कळलं होतं. तिथे जाऊन बाहेरच्या बाकावर बसलो. आतून आवाज येत होता. तीच वाक्यं, तोच सपाटपणा, 'नाही म्हणा आणि थांबा'. मध्येच बँकेची माणसं हसली. तिथेही एक टोमणेसाहेब असणार. गरीब बिचारा.

बाहेर आल्यावर मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एकही विनोद न करता, म्हणून ते फार लवकर संपलं. बाईंनी तीनच प्रश्न विचारले. छत परत करता येतं का? नाही. ठोकळे अजून टाकीत आहेत का? आहेत. सही अजून झाली नाही ना? नाही.

"मग उशीर झालेला नाही," म्हणाल्या. "परत करता येत नाही ते सांगता तरी येतं. लेखी द्या. छताची किंमत जमा करून घ्या म्हणावं. आणि त्या ठोकळ्यांपासून हात काढून घ्या. शिक्षा काय व्हायची ती होईल, तिचा अंदाज मी देत नाही."

मी विचारलं, तुमच्यावर कधी अशी वेळ आली होती? थर्मासचं झाकण फिरवत त्यांनी सांगितलं : एका दुकानात तराजू तपासायला गेल्या होत्या, बाहेर पाऊस, दुकानदाराने छत्री दिली. उद्या परत करा म्हणाला. दुसऱ्या दिवशी छत्री परत केली आणि त्याचा तराजूही तपासला. "सगळं बरोबर होतं. फक्त त्या दुकानात मी दोन मिनिटं कमी थांबले. तराजू खरा होता की खोटा, ते मला आजही माहीत नाही. तीस वर्षं झाली."

एवढीच कथा. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी म्हटलं असतं, दोन मिनिटांसाठी काय एवढं. पण ही बाई त्या दोन मिनिटांचा हिशेब द्यायला आठवड्याला सहा वर्ग घेते, बसने फिरते, आणि आमच्यासारखे लोक मागच्या रांगेत हसतात. मी तिला नाव ठेवलं थर्मासबाई. असो. नावात तरी गरम राहणारी वस्तू आली, हेच नशीब.

२६, बुधवार

सोमवारी मोठ्या साहेबांना लेखी दिलं. पहिल्या मसुद्यात तीन विनोद होते, बायकोने लाल पेनाने खोडले. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि जोक करताय का म्हणून विचारलं. ही माझी पुण्याई. खुलासा मागवला आहे, चौकशी होईल, तोवर सही नाही. इस्पितळाची फाईल माती-परीक्षण विभागाच्या बाईंकडे गेली.

आज शेवटचा वर्ग. बाईंनी मला उठवलं नाही, मीच उठलो. न्हाणीघर, शेठ, म्हैस, सगळं सांगितलं. म्हशीपाशी दोघे हसले आणि पटकन गप्प झाले. तीच आजची सगळ्यात मोठी दाद.

वर्ग सुटल्यावर काटाभाऊ थांबले. म्हणाले, चौदा तारखेला शेठचा माणूस आला होता. पोत्यात तीन ठोकळे. साहेबांचं बोलणं झालंय म्हणाला.

"मग?"

"मी नाही म्हटलं."

"आणि?"

"आणि काही नाही. बाईंनी सांगितलं होतं ना, पुढे बोलायचं नाही. तो दहा-बारा मिनिटं उभा होता. मग गेला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? काटाभाऊंनी खाली बघितलं. "साहेबांचं बोलणं झालंय म्हणाला ना तो."

म्हणून ती टाकीपाशी खुर्ची. म्हणून मांडीवरचा डबा. दोन आठवडे हा माणूस त्या ठोकळ्यांची राखण करत होता. शेठपासून नव्हे, माझ्यापासून. वर पुन्हा मीच त्याला विचारत होतो, पोहायला शिकवताय का. बाईंचा एकच धडा त्याने एका दुपारी शिकला आणि दोनच दिवसांनी वापरला. मला चार बुधवार लागले, आणि मी समन्वयक.

२७, गुरुवार

शेठ आले. फाईल दुसरीकडे गेल्याचं कळलं होतं. परत मागून घ्या म्हणाले, तुमचं साहेब ऐकतील. घरचं छत झालंच आहे, आता गच्चीचंही बघतो. आणि डोळे बारीक करून वाट बघत राहिले, कारण आता माझा विनोद यायची वेळ झाली होती.

मी म्हटलं, "नाही."

आणि मोजू लागलो. एक. पंखा कुरकुरतोय हे मला आजच कळलं. तीन. शेठचं हसू तोंडावर अर्ध्यात उभं होतं, पुढे जावं की मागे ते त्याला कळत नव्हतं. पाच. माझ्या जिभेवर किमान चार चांगली वाक्यं येऊन गेली, एक तर फारच चांगलं होतं. आठ. शेठनी छतावर किती खर्च झाला ते सांगितलं. दहा झाले तरी मी थांबलो नाही, मोजतच राहिलो. सतराला ते उठले.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

३१, सोमवार

अठ्ठाविसावा दिवस. या चाचणीला मला आत जायची मुभा नाही, काचेबाहेर उभा होतो. माती विभागाच्या बाई आत, शिपाई दाराशी, आणि काटाभाऊ यंत्रापाशी. थर्मासबाईही आल्या होत्या. वर्ग संपलेत, त्यांचं काही काम नव्हतं. पिशवी पोटाशी धरून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

पहिला ठोकळा. काटा चढत गेला, तिसाच्या पुढे, पस्तिसाला आला आणि आवाज झाला. कोरडं लाकूड मोडावं तसा. पस्तीस, सदतीस, छत्तीस. लागणार होते सत्तावन्न. काटाभाऊंनी आकडा तिन्ही वेळा त्याच आवाजात सांगितला. कमी नाही, जास्त नाही. इतकी वर्षं मी हा माणूस यंत्राचा भाग समजत होतो. आज वाटलं, यंत्र त्याचा भाग आहे.

तिसऱ्या मजल्याचा तो स्लॅब आता फोडून काढावा लागेल. अजून तिथे एकही खाट गेलेली नाही.

बाई म्हणाल्या, "निघते." मी चहा विचारणार होतो, आठवलं, थांबलो. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी थर्मासचं झाकण भरून माझ्यापुढे धरलं. बिनसाखरेचा, पाणचट, जगातला वाईटातला वाईट चहा. मी घेतला. नोंद करतो : न मागता आला.

५, शनिवार

चौकशी सुरू आहे. सही अजून नाही, कदाचित वर्षभर नसेल, कदाचित बदली होईल. बायकोने विचारलं तर तेच सांगितलं, सजावट न करता. ती म्हणाली, तुम्ही हल्ली कमी बोलता, पण कळतं.

सकाळी न्हाणीघरातून तिने हाक मारली. पांढऱ्याशुभ्र छताला पिवळी रेघ, रेघेच्या टोकाला थेंब. महिना झाला नाही. शेठनी इस्पितळाला जो माल घातला तोच आमच्याकडे घातला होता. लाच दिली तीही भेसळीची. माणूस आपल्या तत्त्वाला किती पक्का असावा. आम्ही दोघं बादली खाली ठेवून हसत उभे राहिलो, बऱ्याच दिवसांनी एका वेळी. सोमवारी गवंडी येणार आहे. मीच फोन केला, मीच ठरवलं, चार वर्षांत पहिल्यांदा.

मग कार्यालय. सहीविना काम नसतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत यंत्राच्या खोलीत गेलो. टाकीत नवे ठोकळे बुडवलेत, कुठल्याशा शाळेचे. काटाभाऊंची खुर्ची अजून टाकीपाशीच होती, डबा मांडीवर. मी दारातच थांबलो. बोलायला काही नव्हतं, म्हणजे पुष्कळ होतं, पण बोललो नाही.

काटाभाऊंनी डबा खाली ठेवला, भिंतीकडची दुसरी खुर्ची ओढली, फडक्याने पुसली, टाकीला लावून ठेवली.

"बसा, साहेब," म्हणाले. "एकट्याने बघायला कंटाळा येतो."

आज न मागता काय आलं? एक खुर्ची.